शहागडात कॉफी मागणारा माणूस

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालं की ७०-८० किलोमीटरवर गोदावरी आडवी येते. अलीकडच्या काठावर शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना. पूल ओलांडला की बीड जिल्हा. नदीने दोन जिल्हे वाटून दिले, पण एका बाबतीत दुजाभाव केला नाही. सकाळी सात वाजता कॉफी मागितली, तर दोन्ही काठांवर चहाच येतो.

हे ठाऊक नसलेला शहरी प्रवासी दर आठवड्याला एखादा तरी इथे उतरतोच. गाडीतून उतरून तो आळस देतो, गॉगल कपाळावर चढवतो आणि हॉटेलच्या दारात उभा राहून विचारतो, “कॉफी मिळेल?”

मालक कढईतला झारा थांबवतो. पाहुण्याला नीट न्याहाळतो.

“का हो दादा, बरं नाही का?”

यात टोमणा नसतो, काळजी असते. मराठी घरात कॉफी पिण्याला नेहमीच काहीतरी कारण लागत आलं आहे. चहा न पिणारा पाहुणा आला, परीक्षेसाठी पोर रात्री जागतंय, कुणाच्या तोंडाची चव गेली, अशा वेळी कॉफीचा डबा खाली निघतो. मग दूध आटवायचं, साखर सढळ हाताने घालायची आणि वर जायफळ किसायचं. कॉफी जग पितं ते झोप उडावी म्हणून, आणि बाळाच्या गुटीत झोपेसाठी उगाळतात ते हेच जायफळ! एकाच कपात उठवणारा आणि झोपवणारा असे दोघेही बसवून त्यांचं भांडण पोटात लावून द्यायचं, हे आपल्या स्वयंपाकघराला सुचलं. पोरगं अभ्यासाला बसतं आणि पुस्तकावर डोकं ठेवून घोरायला लागतं, त्याचं अर्धं पाप या किसणीला.

नाश्त्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रस्त्यावरचं हॉटेल कुणाला हार जात नाही. उजाडायच्या आत पोह्यांचा ढीग परातीत चढतो. त्यावर कोथिंबीर, बाजूला लिंबाच्या फोडी आणि मीठ लावून तळलेल्या मिरच्या. दुसऱ्या कढईत भजी उलटीपालटी होत असतात. वडापाव आहे, मिसळ आहे, चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी आहे. मेन्यूकार्ड नसतं, पोऱ्या एका श्वासात सगळी यादी म्हणतो आणि पाहुण्याला शेवटचा पदार्थ तेवढा ऐकू येतो. म्हणून पुष्कळ लोक शेवटचाच पदार्थ मागवतात.

मराठवाड्याचा खरा सकाळचा मानकरी, सुशीला, या यादीत क्वचितच असतो. भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांवर कांदा, मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि फोडणी. हा पदार्थ कढईतून थेट ताटलीत यावा लागतो. परातीत वाट पाहत बसला की त्याचा लगदा होतो. लातूरची गाडी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून सुशीला घरीच राहते आणि पोहे धंद्याला बसतात.

कॉफी इथवर पोचली नाही याला अंतर कारणीभूत म्हणावं, तर तेही नाही. शहागडावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि सोलापूर, विजयपूर, हुबळी करत कर्नाटकातल्या अंकोल्याला समुद्राशी संपतो. देशातली जवळपास ७० टक्के कॉफी त्याच कर्नाटकात पिकते. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. महाराष्ट्राचीही अगदीच पाटी कोरी नाही. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत. मुंबईत चर्चगेटला १९३६ साली इंडिया कॉफी हाउस उघडलं, पुण्यात डेक्कनवर १९३५ पासून कॅफे गुडलक आहे आणि २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईतच हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान थाटलं गेलं. कॉफी चहूबाजूंनी आली, पण शहागडच्या थांब्यावर तिला कुणी उतरवून घेतलं नाही.

यावर एखादा इतिहासप्रेमी म्हणेल, दोष समरकंदचा. निजामाचं घराणं मूळचं तिकडचं. पहिल्या निजामाचे आजोबा ख्वाजा आबिद समरकंदच्या परिसरातून हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या वंशाने मराठवाड्यावर १९४८ पर्यंत राज्य केलं. संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी ज्यांचा दर्गा आहे, ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून ही चक्की फिरवली, ती फकीर आणि वाटसरू यांचं पीठ दळायला. म्हणजे मध्य आशियाने आपल्या नाश्त्याची सोय केली. कॉफीचं मात्र त्यांनाच वेड नव्हतं. तिकडची सकाळ आजही चायखान्यात हिरव्या चहाने उजाडते.

त्या चहाची एक रीत शहागडकरांना कळली पाहिजे. उझबेक यजमान पियाला काठोकाठ भरत नाही. पाहुणा जितका मानाचा, तितका चहा कमी. म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसून राहील. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे ‘प्या आणि निघा’. या हिशेबाने शहागडचं कटिंग हा आतिथ्याचा कळस ठरतो, आणि ‘दोनात तीन करा’ म्हणणारं गिऱ्हाईक तर तिघांचाही सत्कारच करत असतं.

कॅफे नावाची पाटी मराठवाड्यात नाही असं नाही. तालुक्याच्या गावांत कॉलेजच्या आसपास ती हटकून दिसते. आत कप्पे, कप्प्यांना पडदे, आणि कॉफी सोडून सगळ्याची चौकशी करायला अधूनमधून पोलीस. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनेही १६७५ च्या डिसेंबरात कॉफीची दुकानं बंद करायचा हुकूम काढला होता. तिथे बसून लोक राज्यकारभारावर बोलतात, ही त्याची तक्रार. ओरड इतकी झाली की अंमल सुरू होण्याआधीच, थोड्याच दिवसांत, हुकूम मागे घ्यावा लागला. चार्ल्सने शहागडच्या बाकड्यावर एक सकाळ काढली असती, तर हुकूम चहावर निघाला असता. इथे पडदा नाही, कप्पा नाही. एका पेपरची पानं चौघांत वाटलेली, आणि जायकवाडीचं पाणी, मोसंबीचा भाव, उसाची तोड, याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून २०२३ साली पेटलेला आरक्षणाचा प्रश्न, सगळं खुल्या आवाजात आणि फुकट.

तरीही कॉफी हवीच असेल, तर जाणते प्रवासी खिशात पुडी बाळगतात. पुडी मालकाच्या हाती द्यायची आणि नम्रपणे सांगायचं, “दादा, एवढी दुधात टाकून द्या.” मालक नाही म्हणत नाही. तो दूध उकळतो, पुडी फोडतो, हाताला सवयीची तेवढी साखर घालतो आणि सवयीनेच आलं ठेचायला घेतो. त्या क्षणी हात धरला तरच कॉफी वाचते. मग फेसाळ पेला येतो, त्याखाली बशी येते, आणि मालक पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता विचारतो, “आन् चहा कधी आनू?”