बुरशी मॅडम यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती बुरशी मॅडम (करडी शाखा),
मुक्काम : देठ आणि मणी यांच्या सांध्यात,
व्हाया न्हावा शेवा, रॉटरडॅम.

विषय : वक्तशीरपणाबद्दल अभिनंदन व मुदतवाढीची नम्र विनंती.

महोदया,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, द्राक्षाचा हंगाम संपला. आमच्या पॅकहाऊसपासून युरोपातल्या फळांच्या फडताळापर्यंत माल नेण्यात ज्यांचा ज्यांचा हात लागला त्यांचे आभार मानावेत म्हणून यादी काढायला बसलो. रिकामा कंटेनर उशिरा आला होता, त्याला वगळलं. जहाज त्याहून उशिरा आलं. कागदपत्रं जहाजाच्या मागून गेली. पैसे तर अजून यायचेत. काट मारता मारता यादीत एकच नाव उरलं, आणि ते तुमचं.

तुम्हाला रविवार नाही, संप नाही, तुमचा सर्व्हर डाऊन नसतो. शून्य अंशावर आम्ही माल गोठायच्या बेतात आणून ठेवतो, तरी तुम्ही काम थांबवत नाही, फक्त जरा सावकाश करता. एवढी निष्ठा आम्हाला या धंद्यात दुसरीकडे कुठंही भेटली नाही.

तशी आपली ओळख बागेतलीच. ऑक्टोबर छाटणीनंतर चार महिने बागायतदार झोपतो कमी आणि आभाळाकडे बघतो जास्त. संजीवकात घड बुडवायचे म्हणजे डिपिंग, मग विरळणी, पुन्हा डिपिंग. मध्येच अवकाळी आला की रात्री ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचा. डाउनी आणि भुरी या तुमच्या कुळातल्या म्हणवणाऱ्या दोघी तेव्हा आमचा पिच्छा पुरवतात. फवारावं तर तिकडे रेसिड्यू निघतो, न फवारावं तर इकडे घड जातो. युरोपियन संघाच्या कायद्यानं प्रत्येक औषधाच्या अंशाची मर्यादा ठरवून दिलीय, तिला आम्ही एमआरएल म्हणतो. आता कायदा पाळला की झालं असं भोळ्या माणसाला वाटेल. पण जर्मनीतली काही सुपरमार्केटं म्हणतात, कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच अंश चालेल, आणि औषधंही सगळी मिळून चार-पाचच्या वर नकोत. म्हणजे तुमच्याशी लढायचं, पण हत्यारं मोजून चार. या नियमाच्या बैठकीला तुमच्याकडून कोणी हजर होतं का, अशी शंका मला कधीकधी येते.

२००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेनं ग्रेपनेट सुरू केलं. आता तिकडच्या गिऱ्हाइकाच्या हातातल्या पेटीवरून निफाड तालुक्यातला कोणत्या बागायतदाराचा कोणता प्लॉट, हे शोधता येतं. व्यवस्था चांगली आहे, थट्टा करणार नाही. पण २०१० साली काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. वेलीची वाढ आवरायला आमच्याकडे लिहोसिन मारायची रीत होती. त्यातलं क्लोरमेक्वाट क्लोराइड आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. तिकडच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं, मर्यादा निघाली किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि युरोपच्या बंदरांत आमचे कंटेनर उभे राहिले. आपली प्रमाणपत्रं खरी होती, त्यांचे अहवालही खरे होते. दोन खऱ्यांच्या मध्ये द्राक्षं अडकली. कोणाची यादी बरोबर यावर पत्रव्यवहार चालू असताना तुम्ही आत शिरून आपलं काम मुकाट्यानं सुरू केलंत. कुठल्याही यादीची वाट न बघता.

आता वाटेचं सांगतो, म्हणजे माझी विनंती तुमच्या लक्षात येईल.

ऊन चढायच्या आत घड उतरवायचे, क्रेटमध्ये हलक्या हातानं ठेवायचे, पॅकहाऊसला आणून एकेक मणी बघत कात्री चालवायची. मग अर्धा किलोचे पनेट, पनेटची पेटी, पेटीत ग्रेप गार्डचा कागद. (हा कागद तुम्हाला आवडत नाही हे ठाऊक आहे.) ओलाव्यानं त्यातून गंधकाचा वायू सुटतो, आधी भसकन आणि मग सावकाश. जास्त सुटला तर मणी देठापासून पांढरे पडतात, कमी सुटला तर तुम्ही आहातच. पेट्या प्रीकूलिंगला गेल्या की काही तासांत शून्याच्या जवळ आणायच्या. नेमकी तेव्हाच वीज जाते. डिझेलचा जनरेटर धडधडत उठतो आणि बागेतल्या किलोमागे वाचवलेला रुपया धुराड्यातून निघून जातो.

माल तयार, पण डबा कुठाय? आपल्या देशात गार कंटेनरमधून येणारा माल कमी आणि जाणारा जास्त. त्यामुळे रीफर कंटेनर बाहेरून रिकामे आणावे लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षवाल्यालाही तो हवा, मांसवाल्यालाही आणि कोळंबीवाल्यालाही. जहाज कंपनीच्या माणसाशी या दिवसांत मी ज्या मार्दवानं बोलतो, तसा घरी बोललो असतो तर संसार सुखाचा झाला असता. डबा मिळालाच, तर सुमारे १३ टन माल भरून ट्रेलर कसारा घाट उतरतो, पडघा-भिवंडीच्या गर्दीत उभा राहतो, मग बंदराच्या रांगेत. डब्याचं तापमान ट्रेलरवरच्या जेनसेटच्या भरवशावर आणि जेनसेट ड्रायव्हरच्या. गेट बंद होण्याआधी पोचला तर हे जहाज, नाही तर पुढच्या आठवड्यातलं. तुमच्या खात्यात तो आठवडा जमा.

समुद्र एकदा लागला की माणसाच्या हातात काही नाही, असं पूर्वी म्हणत. आता ते खोटं ठरलंय, सगळं माणसांच्याच हातात आहे आणि अडचण तीच आहे. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं बसलं आणि सहा दिवस जगानं त्याच्याकडे बघितलं. लोकांनी त्यावर विनोद केले. आमच्याकडे ऐन हंगाम होता, आम्हाला विनोद जरा उशिरा कळले. तरी ते सहाच दिवस. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि महिन्याभरात बड्या कंपन्यांनी सुएझचा रस्ताच सोडला. आमची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून निघाली. १४९८ मध्ये वास्को द गामा ज्या वाटेनं कालिकतला आला, त्याच वाटेनं आम्ही त्याच्या खंडाला थॉमसन सीडलेस पोचवू लागलो. तीन आठवड्यांच्या आसपासचा प्रवास पाच आठवड्यांवर गेला. भाडं कुठच्या कुठं गेलं, त्यावर युद्धजोखमीचा अधिभार आणि आणखी कसले कसले अधिभार, ज्यांची नावं बिलावरच पहिल्यांदा कळतात. आणि आमचा ग्रेप गार्डचा कागद? त्यानं हिशेब धरला होता सुएझचा. उत्तमाशा भूशिरापर्यंत त्याच्यातला दम संपला. तिथून पुढं तुमचं राज्य.

मी तुम्हाला दोष देत नाही. कायदाही देत नाही. मी विम्याची पॉलिसी चष्मा लावून वाचली. विलंबामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, हे एक कलम. मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, हे दुसरं. द्राक्षाचा अंगभूत दोष असा की ते द्राक्ष आहे. वाहतुकीच्या करारात जहाज कंपनीनं तारखेची हमी दिलेलीच नाही. बंदराची जबाबदारी बंदराच्या फाटकापुरती. म्हणजे उशीर सगळ्यांनी केला तरी कायद्याच्या दृष्टीनं उशीर कोणीच केला नाही. गुन्हा झाला तो फक्त मण्याच्या हातून, त्याला धीर धरवला नाही.

तुमच्या काळ्या भगिनींबद्दलही चार शब्द लिहितो, कारण त्या शेजारच्या लासलगावात असतात. चाळीतल्या कांद्यावर काजळी धरणाऱ्या. त्यांना मात्र समुद्रापर्यंत जावंच लागत नाही, दिल्ली त्यांची सोय घरपोच करते. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार, म्हणजे सुट्टीचा दिवस साधून कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं. ऑक्टोबर संपताना टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरपासून थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत. शेतकरी ३१ मार्चकडे डोळे लावून बसला, तर मार्चमध्येच ती ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला जाऊ दिलं आणि आमच्याकडे निवडणुकीच्या सभांत या रंगभेदावर बरंच बोललं गेलं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. सप्टेंबरात विधानसभा जवळ आली तशी किमान मूल्याची अट गळाली, शुल्क २० टक्क्यांवर उतरलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेलं. तोवर ढाक्याच्या आणि कोलंबोच्या व्यापाऱ्यानं पाकिस्तान आणि चीनचे फोन नंबर पाठ केले होते. अधिसूचना आणि तुम्ही, दोघीही रात्रीतून वाढता. फरक इतकाच की तुमच्यावर फवारणी चालते.

आणि आंब्याचं ऐकलंत का? मे २०२५. अमेरिकेला जाणाऱ्या हापूस-केशरला नवी मुंबईत विकिरणाची प्रक्रिया लागते, तिथं अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक हजर असतो, त्याच्या सहीचा कागद लागतो. प्रक्रिया झाली, कागद मिळाला, विमानं गेली. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा इथं उतरल्यावर सांगण्यात आलं की कागद चुकीचा आहे. १५ खेपा. आंबा परत आणायचं विमानभाडं आंब्यापेक्षा महाग, म्हणून तिथंच नष्ट करा. फळात कीड नव्हती, तुम्हीही नव्हता, कीड कागदाला होती. तुमच्या अखत्यारीतलं काम तुम्हाला न विचारता उरकण्यात आलं, याचा तुमच्या संघटनेनं निषेध नोंदवायला हवा होता.

असो. आता माल पोचल्यानंतरचं. तिकडचा आयातदार पेटी उघडतो, चांगला प्रकाश बघून तुमचे फोटो काढतो (तुम्ही फोटोत फार छान येता) आणि क्वालिटी क्लेम पाठवतो. काडी सुकलेली, मणी मऊ, सड अमुक टक्के. त्याच वेळी दक्षिण आफ्रिका आणि चिलीचा माल बाजारात उरलेला असला तर सडीची टक्केवारी आपोआप वाढते, हा वनस्पतिशास्त्रातला चमत्कार मी अनेक हंगाम बघतोय. भाव पडला की तुम्ही जास्त दिसता. भाव चढला की तुमच्यासकट माल विकला जातो. पुन्हा पॅकिंगचा खर्च आमच्या नावावर, फेकून द्यायचा खर्चही आमच्या नावावर. त्यानं माझं कापलं, मी बागायतदाराचं कापतो. त्याच्या हिशेबपट्टीत तुमचं नाव लिहिलं तर बरं दिसत नाही, म्हणून आम्ही ‘इतर वजावट’ असं लिहितो. तो पट्टी हातात घेऊन विचारतो, “इतर म्हणजे काय हो शेठ?” मी म्हणतो, “वरूनच आलंय.” वरून म्हणजे कुठून, हे त्यानं विचारायच्या आत मी फोन आल्यासारखं करतो. त्याला पुढं कापायला कोणी नाही. त्याच्या खाली जमीनच.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या हंगामात आपण पंधरा दिवस सवलत द्यावी. आम्ही मुदत सगळ्यांकडे मागून पाहिली. जहाज कंपनी म्हणाली, समुद्राला विचारा. सरकार म्हणालं, धोरणाचा विषय आहे. विमेवाला म्हणाला, कलम वाचा. राहता राहिलात तुम्ही. तुमच्याकडे निदान दाद मागितली तर तुम्ही ती दुसऱ्या विभागाकडे वर्ग करत नाही. पंधरा दिवस जमत नसतील तर दहा. तेही नाही जमले तर एक करा, क्लेमच्या फोटोसाठी थोडं लाजत जा.

आणि जाता जाता एक प्रस्ताव. एवढ्या यंत्रणेत वेळेवर हजर होण्याचा अनुभव फक्त तुम्हाला आहे. बंदर, मंत्रालय आणि दिल्लीतलं ते अधिसूचनेचं खातं, या तिन्ही ठिकाणी तुम्ही दोन-दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. चहा-नाश्ता आमच्याकडून. फायलींवरही तुम्ही जाता असं ऐकतो, पण तिथं मुक्काम लांबवू नका. त्या फायलींना इतकी वर्षं झाली आहेत की तुम्हीच कंटाळाल.

कळावे, लोभ आहेच. तो कमी करावा ही विनंती.

आपला नम्र,
एक द्राक्ष निर्यातदार,
पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड, जिल्हा नाशिक.

ता. क. – सोबत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. त्यावर सही-शिक्क्यानिशी माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचं लिहून दिलेलं आहे. तेव्हा रॉटरडॅमला उतरताना कृपया मागच्या दारानं उतरावं. सरकारी कागदाप्रमाणे आपण या प्रवासाला निघालेल्याच नाही.