फ्लाइंग सर

आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी कुणाचं घड्याळ बंद पडलं तरी अडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन लागलं, जिन्यात चपला फटफटल्या आणि मागून ‘अहो, डबा!’ अशी वहिनींची हाक आली, की समजायचं, फ्लाइंग राणीने डहाणू सोडलं. त्या गाडीने सर बोईसरहून पालघरला जातात, म्हणून बिल्डिंगच्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलंय फ्लाइंग सर. 2023 मध्ये फ्लाइंग राणीचे डबलडेकर डबे काढले, तेव्हा वरच्या मजल्यावर बसून पेपर तपासायची सोय गेली म्हणून सर आठवडाभर सुतक आल्यासारखे वावरत होते.

नाव पडलं गाडीवरून, पण ते शोभतं वेगळ्याच कारणाने. सर तासिका तत्त्वावर आहेत. सकाळी पालघरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र, दुपारी बोईसरच्या एका विनाअनुदानित कॉलेजात तेच अर्थशास्त्र, संध्याकाळी कामगारांच्या मुलांच्या क्लासात बुककीपिंग. नेट झालंय, सेट झालंय, पीएचडी झालीय. वय एक्केचाळीस. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक खडू असतो. तो आपला आपण विकत घेतलेला, कारण कुठल्या कॉलेजचा खडू कुठल्या कॉलेजात झिजवला यावरून एकदा वाद झाला होता.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पगारपत्रकं करतो. त्यामुळे सरांची आणि माझी गट्टी. आमच्याकडे आठवडा 48 तासांचा, त्यापुढे राबलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम, कायद्यातच आहे तसं. सरांकडे तासच 48 मिनिटांचा. सरकारने 2022 मध्ये पदवीच्या तासाचा दर 625 वरून 900 केला, तेव्हा मी पेढे मागायला वर गेलो. सरांनी मला बसवलं आणि एक पाठकोरा कागद घेतला.

‘हे 900 घड्याळी तासाला. तासिका 48 मिनिटांची. म्हणजे झाले 720. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका. म्हणजे 6480. आता यातून दिवाळीची सुट्टी काढा. मे महिना काढा. परीक्षा काढा. गॅदरिंग काढा. मतदार यादीचं शिबिर काढा.’

काढत काढत कागदाच्या तळाशी जे उरलं, त्यात पेढे बसत होते, पण पाव किलोच. वहिनींनी चहाबरोबर पारले-जी दिलं.

यूजीसीने 2019 मध्ये पाहुण्या अध्यापकाला तासिकेला 1500 रुपये, महिन्याला 50,000 पर्यंत, असं एक परिपत्रक काढलं होतं. सरांनी ते लॅमिनेट करून फ्रीजवर लावलंय. दुसऱ्यांच्या फ्रीजवर शिर्डीचे साईबाबा असतात.

सर सगळं तासिकेत मोजतात. सातपाटीचं पापलेट हातात घेऊन कोळणीला विचारतात, ‘मावशी, एका तासिकेत किती येतील?’ मावशींना वाटतं हे एखादं माप असेल, त्या म्हणतात, ‘तीन घे.’ मुलाचे शाळेचे बूट दीड तासिकेचे, गॅस सिलिंडर एक तासिका आणि थोडं उजळणीचं काम. लग्नाच्या आहेराचं पाकीट अर्ध्या तासिकेच्या वर जात नाही. यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं: ‘मला तर माणूसच तासिकेवर मिळालाय.’

48 मिनिटांचंही सरांनी शास्त्र काढलंय. घटका 24 मिनिटांची, दोन घटका म्हणजे एक मुहूर्त. ‘म्हणजे बघा, मी रोज मुहूर्तावरच शिकवतो. मुहूर्त निघत नाही तो फक्त पेमेंटचा.’

पेमेंटचा विषय निघाला की खांद्यावरच्या पिशवीतून डायरी निघते. लाल रेघांची, कोपरे गोल झालेली. तारीख, वर्ग, विषय, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात सही. सही मिळाल्याशिवाय तासिका झाली असं सर मानत नाहीत. महिनाअखेरीस डायरीवरून बिल, बिलाच्या तीन प्रती, मग ते टेबलाटेबलावरून जातं. एकदा ऑगस्ट-सप्टेंबरची बिलं होळीच्या सुमारास निघाली. वर दहा टक्के टीडीएस कापलेला. ‘अहो, रोजगार हमीत 15 दिवसांत मजुरी द्यायची असं कायदा सांगतो,’ सर म्हणाले. ‘माझ्या वर्गात विक्रमगडची एक मुलगी आहे, तिची आई बांधाच्या कामावर जाते. मी त्या मुलीला मजुरीचे सिद्धांत शिकवतो. ती माझ्याकडे अशा नजरेने बघते की मीच फळ्याकडे तोंड करतो.’

छुपी बेरोजगारी शिकवायची वेळ आली की सर उदाहरण शोधत नाहीत. नुसते स्वतःकडे बोट दाखवतात. पोरांना तो भाग पक्का पाठ असतो.

पावसाळ्यात रेड अलर्ट आला आणि कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली की अख्ख्या पालघर जिल्ह्यातली पोरं नाचतात. आमच्या गॅलरीत एक माणूस मोबाइल हातात धरून उभा असतो आणि पावसाकडे बघून म्हणतो, ‘गेल्या. तीन गेल्या.’ नव्याने राहायला आलेल्या बाईंना वाटलं, यांच्या म्हशी वाहून गेल्या.

गुरुपौर्णिमेलाही सरांचं असंच होतं. सण आषाढात, आणि दरवर्षीची मुलाखत, हमीपत्र, नेमणुकीचं पत्र हे सगळं होईस्तोवर श्रावण लागतो. त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या दिवशी सर तांत्रिकदृष्ट्या गुरू नसतात. मुलं घरी पाया पडायला येतात तर हे संकोचून पाय मागे घेतात, ‘अरे, ऑर्डर यायचीय अजून.’ गुजरातमधल्या कंत्राटी प्राध्यापकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2025 च्या ऑगस्टमध्ये सुनावलं, की समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणत राहून भागत नाही, शिक्षकाला देता किती त्यावरून मान कळतो. ती बातमी कापून सर खाली आले आणि मला म्हणाले, ‘वाचा. मोठ्याने वाचा.’ मी वाचली. ‘पुन्हा वाचा.’ तिसऱ्यांदा वाचायला लावली तेव्हा मी बिल मागितलं.

तरी सरांच्या तोंडी कडवट शब्द म्हणून येत नाही. येतं एकच वाक्य, ‘यंदा होतंय. फाईल वित्तला आहे.’ प्राध्यापक भरतीची फाईल वित्त विभागाकडे आहे, हे मी ते बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून ऐकतोय. आता ते आमच्या बिल्डिंगचं वाक्य झालंय. पाण्याच्या टाकीची गळती? फाईल वित्तला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचं लग्न? वित्तला आहे. वहिनीसुद्धा कुकरची शिट्टी होईना की तेच म्हणतात.

मागच्या दिवाळीत सरांचा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. विमान चालवायला शिकतोय. व्यावसायिक लायसनसाठी 200 तास उडावं लागतं वगैरे सांगत होता. सरांनी चकलीचा तुकडा हातात तसाच ठेवून पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्या सरांना देतात किती?’

पोरगा म्हणाला, ‘पार्टटाइम आहेत ते, सर. इंजिन चालू झालं की मीटर पडतं, बंद झालं की थांबतं. तेवढ्याचेच पैसे.’

‘आणि उडायच्या आधी फळ्यावर समजावतात ते? खाली उतरल्यावर चुका सांगतात ते?’

‘ते त्यात नाही धरत.’

‘म्हणजे पेपर तपासणं!’ सर ओरडलेच. ‘आणि धुकं पडलं तर?’

‘तर सगळे चहा पीत बसतो.’

‘म्हणजे रेड अलर्ट!’ इतकं खूश मी सरांना कधी बघितलं नव्हतं. आपल्या जातीचा माणूस आभाळातसुद्धा आहे, याचा आनंद काही वेगळाच असावा. निघताना पोरगा म्हणाला, ‘लायसन मिळू दे, सर, तुम्हाला एक तास फिरवून आणतो.’ सरांनी विचारलं, ‘घड्याळी तास ना?’

एवढं मिनिटामिनिटाचं गणित करणारा माणूस वर्गात कसा असेल, याची मला उत्सुकता होती. जानेवारीत पालघरला कलेक्टर कचेरीत काम निघालं, ते आटोपून मी त्यांच्या कॉलेजात गेलो. बरोबरच डहाणू लोकलने परतायचं ठरलं होतं. घंटा झाली, बाकीचे वर्ग सुटले, सर आत बोलतच. मी व्हरांड्यातून घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि फळ्यावर आणखी एक आलेख काढला. बाहेर आले ते मागे एक मुलगी घेऊन. घोलवडकडची, तिला मागणीची लवचीकता कळत नव्हती. रस्ताभर ती विचारत राहिली, हे थांबून थांबून हवेत रेघा काढत राहिले, आणि आम्ही पुलावर असताना डहाणू लोकल खालून निघून गेली.

पुढची गाडी तासाभराने. म्हणजे बोईसरची दुपारची तासिका बुडाली. मला वाटलं आता सर चिडणार. त्यांनी बाकावर पिशवी ठेवली, खिशातला खडू काढला आणि पायाशी फरशीवर दोन अक्ष आखले. ‘हं. चिकू महाग झाला तर तुझी आई काय करील?’

‘आमच्याकडे चिकू महाग होतच नाही, सर,’ ती म्हणाली, ‘व्यापारी भावच देत नाही.’

‘मग आता हे नीट कळेल तुला,’ सर म्हणाले. एक शेंगदाणेवाला आलेखावरून टोपली घेऊन गेला, तर ती रेघ त्यांनी पुन्हा काढली. लोकलची घोषणा होईस्तोवर ते चाललं होतं. मुलगी महिलांच्या डब्याकडे पळता पळता मागे आली, दप्तरातून कागदाची पिशवी काढून सरांच्या हातात कोंबली आणि गेली.

गाडी उमरोळी सोडेपर्यंत सर काही बोलले नाहीत. मग डायरी काढली. त्या दिवसाच्या ओळीत पालघरची एक तासिका होती, सही होती, बोईसरच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. डायरी बंद करून पिशवी उघडली. आत दहा चिकू. हाताला लागताच दबतील असे पिकलेले.

‘बघा,’ सर म्हणाले, ‘काम केलं त्याच दिवशी पेमेंट. आयुष्यात पहिल्यांदा.’

मग त्यातला एक काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

‘हा टीडीएस.’