दावा कुठं टाकायचा?

सातारा-सांगलीकडं वहिवाटीच्या रस्त्यावर शेजाऱ्यानं बाभळीच्या फांद्या टाकल्या की खरं कुणाचं हे कुणी विचारत नाही. विचारतात, "टाकायचं कुठं?"

रस्ता अडवला असेल तर तहसीलदाराकडं. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजून धडधाकट आहे. अट एवढीच, अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत या. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल कायद्याचं कलम १४३. तहसीलदार तोच, खुर्ची तीच, अर्ज निराळा. निकाल पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा: पाच लाखांपर्यंत कनिष्ठ स्तर, त्यावर वरिष्ठ. तिथं समोरच्यानं "मी कूळ आहे" असं म्हणायचा अवकाश, तेवढा मुद्दा निघाला पुन्हा तहसीलदाराकडं. तोवर ऊस वाळतो. उसाला अधिकारक्षेत्र कळत नाही.

महाराष्ट्रानं तर १९७७ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत खास घरचं कलम घातलं, ९अ. मनाईच्या अर्जावर कुणी 'या कोर्टाला अधिकारच नाही' अशी हरकत घेतली की आधी तिचा निकाल. हेतू चांगला होता. हरकत घेणाऱ्यांचा हेतू त्याहून चांगला निघाला, आणि २०१८ मध्ये सरकारनं ते कलम काढून टाकलं.

एका बाबतीत मात्र कायदा दिलदार आहे. वादातली जमीन थोडी कराड तालुक्यात, थोडी वाळव्यात असेल तर साताऱ्याकडं दावा टाका नाहीतर सांगलीकडं, दोन्ही चालतं. म्हणजे वकील पाहुण्यातला जिकडं, तिकडं.

याच मुलखात १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावातच वाद मिटवत होती. वकीलपत्र नाही, स्टॅम्प नाही. शिक्षेची रीत मात्र अशी होती की आजच्या वकिलानं तो मार्ग अशिलाला सुचवू नये.

आता १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली, हे चांगलंच झालं. पूर्वी भाऊबंद चिडून "हायकोर्टापर्यंत जाईन!" म्हणायचा आणि मुंबईच्या खर्चाचा आकडा ऐकून गप बसायचा. आता सांगलीतनं सकाळची एसटी धरली की दुपारच्या जेवणाला माणूस घरी. त्यामुळं तो खरंच जातो.