पुरे न म्हणणारा पाहुणा

मराठी यजमानाला आजकाल पाहुणा उरलेला नाही. म्हणजे माणसं येतात, बसतात, पंखा जरा कमी करा म्हणतात. पण खात नाहीत. एकाची साखर वाढलेली, दुसऱ्याचं संध्याकाळी सातनंतर सगळं बंद, तिसरी गव्हाचं काही चालत नाही म्हणून हात मागे घेते. ताटावर आडवा हात धरून ‘नको, नको, खरंच पुरे’ म्हणणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणं ही आमच्या सासूबाईंच्या पिढीची कला. त्या कलेला आता गिऱ्हाईक नाही. अशा पडत्या काळात आमच्या घरी लॅब्रेडॉर आला.

लसीकरणाच्या कार्डावर त्याचं नाव ब्रूनो आहे. पुण्यातल्या निम्म्या लॅब्रेडॉरांचं तेच असावं. घरात तो बाब्या. आणि बाब्या पुरे म्हणत नाही. नाश्ता झाल्यावर त्याच्याइतका उपाशी प्राणी पृथ्वीवर नसतो. यात सगळा दोष त्याचा नाही, हेही न्यायाने सांगायला हवं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की, त्यांनी तपासलेल्या लॅब्रेडॉरांपैकी सुमारे पाव हिश्शाच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्यात नेमकं हेच जनुक लागतं. बाब्याची तपासणी आम्ही केलेली नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात बसून फ्रिजकडे ज्या नजरेने बघतो ते पाहता पैसे वाया जातील.

सासूबाईंचं आणि कुत्र्यांचं नातं पूर्वी ठरलेलं होतं. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, आणि ती उंबऱ्याबाहेर. पितृपंधरवड्यात कावळा, गाय आणि कुत्रा यांची पानं निघत, पण म्हणून कोणी कावळ्याला सोफ्यावर बसवलं नव्हतं. बाब्या आला तेव्हा त्या दोन दिवस देवघराचं दार लोटून बसल्या. मग एका दुपारी सफरचंद चिरताना एक फोड खाली पडली. तो आवाज त्यांनी ऐकला. कुरकुर, कुरकुर, आणि वर बघणं. आपण चिरलेलं कोणीतरी इतक्या मनापासून खातंय, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी दिसलं असावं. तेव्हापासून रोज दुपारी सफरचंद चिरलं जातं. घरात सफरचंद फारसं कोणाला आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

‘कुत्रा मांस खाणारा प्राणी, त्याला फळं कसली घालता?’ असं विचारणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्या माहितीसाठी: अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्यांना २०१७ मध्ये एक मोठा लांडगा पिल्लांपुढे ओकताना दिसला, आणि ओकलेलं काय, तर रानातल्या ब्लूबेरी. पिल्लांना फळं भरवायचा आग्रह लांडग्यांतही आहे, वाढायची पद्धत तेवढी वेगळी. शिवाय स्वीडिश संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की, पिष्टमय पदार्थ पचवायला लागणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. हजारो वर्षं माणसाच्या दारात बसून शेवटची पोळी खाल्ल्याचं हे फळ. गोड चवही कुत्र्याला कळते. मांजराला कळत नाही. गोडाची चव घेणारं जनुकच मांजरात बंद पडलेलं आहे. मांजराच्या चेहऱ्यावर कायम जो तुच्छतेचा भाव असतो तो यामुळेच की काय, असं मला वाटतं, पण हे शास्त्र नव्हे.

आणि घरी खाऊ करणं ही काही आजची टूम नाही. कुत्र्याचं बिस्किट नावाची वस्तू विकायला काढली ती जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने, १८६० च्या सुमारास, लंडनमध्ये. त्याआधी जगभरचे कुत्रे घरचंच खात होते. आम्ही फक्त जुन्या वहिवाटीवर परत आलो, एवढंच म्हणणं.

खरी अडचण पुढेच आहे. मराठी माणसाला गोड करायला सांगितलं की त्याचे हात त्याचं ऐकत नाहीत. केळं कुस्करलं की गूळ हवा. गूळ पडला की वेलची आणि जायफळ. शेवटी वरून थोडे बेदाणे, ‘दिसायला बरे’. माणसाच्या शिऱ्यासाठी हे सगळं उत्तम. कुत्र्यासाठी यातलं गूळ-साखर निरुपयोगी, जायफळ जास्त झालं तर बाधणारं आणि बेदाणे तर विष. अक्षरशः विष, द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याला थोडीशीच भोवतात, त्यामुळे ‘आमच्या टायगरला काही झालं नव्हतं’ या साक्षीला काडीची किंमत नाही.

असं का होतं, हे बरीच वर्षं कोडं होतं. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाला आंबटपणा येतो तो मुख्यतः याच आम्लामुळे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणून आपण त्याला पिढ्यान्‌पिढ्या हसलो. कोल्हा कुत्र्याच्याच घराण्यातला. तो तोंड फिरवून निघून गेला, यात मला तरी आता शहाणपणच दिसतं. नाशिकच्या द्राक्षांची पेटी आणि तासगावच्या बेदाण्यांचा डबा आमच्याकडे आता सर्वांत वरच्या फळीवर असतो. आणि हेच आम्ल चिंचेत भरपूर असल्यामुळे चिंचगुळाच्या आमटीत बुडवलेला पोळीचा तुकडासुद्धा बंद. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. ‘आमटीने कधी कोणाला काही झालंय का?’ या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही.

बाकीचा नियम फळ कापण्याचा आहे. सफरचंदाचा गाभा आणि बिया काढायच्या, कारण बियांतून सायनाइड तयार होऊ शकतं. आंब्याचा गर चालतो, साल नको, आणि कोय तर मुळीच नको. गिळली तर आतड्यात अडकते आणि मग शस्त्रक्रिया. हे नियम म्हणून सोपं आहे. प्रत्यक्षात हापूस कापला जात असताना खाली बसलेल्या त्या डोळ्यांसमोर कोय कचऱ्यात टाकणं हा मे महिन्यातला सर्वांत कठोर प्रसंग असतो. कलिंगड बिया आणि साल काढून. पपई, तीही तशीच. सीताफळाच्या बिया वेचण्याइतकं आयुष्य कोणाकडे आहे? ते सोडूनच द्यावं.

आमच्या घरचा मुख्य पदार्थ म्हणजे केळ्याची बिस्किटं. साल काळी पडलेलं, घरात कोणी हात लावत नाही असं केळं कुस्करायचं, त्यात मावेल तेवढं नाचणीचं किंवा ओट्सचं पीठ मळायचं, लाटायचं, कापायचं, आणि मंद आचेवर ओव्हनमध्ये खडखडीत होईपर्यंत भाजायचं. मीठ नाही, साखर नाही, सोडा नाही. हवं तर चमचाभर पीनट बटर, पण त्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचून. साखरविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत झायलिटॉल असतं, आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही जाऊ शकतं.

आता कापायचं कसं? माझ्या मुलीने ऑनलाइन एक साचा मागवला होता, हाडाच्या आकाराचा. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ओट्यावर ठेवला, म्हणजे ठेवला नाही, ढकलला. ‘माझ्या पोळपाटावर हाडं होणार नाहीत,’ एवढंच म्हणाल्या. केळ्याचं असलं म्हणून काय झालं, हाड ते हाड. मग दिवाळीचं कातणं निघालं, आणि तेव्हापासून आमचा कुत्रा शंकरपाळी खातो.

शंकरपाळी म्हटल्यावर ती कुठल्या डब्यात जाणार? शंकरपाळ्यांच्याच. परिणाम व्हायचा तो झाला. शेजारचे एक काका, मधुमेही, ज्यांनी आमच्याकडे गेली कित्येक वर्षं चहासुद्धा बिनसाखरेचाच घेतला, ते आले. मी घरी नव्हते. सासूबाईंनी सवयीने डबा पुढे केला, काकांनी सवयीने हात आडवा धरला, मग ‘अगदीच गोड नसेल तर’ म्हणून एक उचलली. ‘वा,’ म्हणाले, ‘साखर अजिबात नाही वाटतं? आणि नाचणी?’ त्यांनी परत घेतली. सासूबाईंना तोवर डबा लक्षात आला होता; पण दहा वर्षांत पहिल्यांदा पाहुण्याने मागून घेतलेलं असताना खरं सांगायला माणूस फार मोठ्या मनाचा लागतो. त्यांनी कृती सांगितली. काका दर गुरुवारी येतात.

उन्हाळ्यात वाळवण असतं. पूर्वी गच्चीवर कुरडया-पापड घातले की पोरांना काठी देऊन राखणीला बसवत, कावळ्या-कुत्र्यांना हाकलायला. आता कुत्र्याच्याच सफरचंदाच्या चकत्या वाळत पडलेल्या असतात आणि आम्ही कावळे हाकलतो. चकत्या पातळ हव्यात, वरून जाळी हवी, आणि संध्याकाळी आत आणायला हव्यात. पुण्यात किंवा नगरकडे एप्रिलच्या कोरड्या उन्हात हे जमतं. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत नादाला लागू नये. चकत्यांना बुरशी येते, आणि बुरशी कुत्र्याला आपल्यापेक्षा बरी पचते असं मुळीच नाही. तिथे ओव्हन सगळ्यांत कमी आचेवर ठेवून काम होतं. कलिंगडाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवणं तर याहून सोपं. बाब्या तो बर्फ नेमका गालिच्यावर नेऊन खातो.

हे सगळं तीन तास मळून, लाटून, भाजून त्याच्यापुढे ठेवलं की तो किती वेळ लावतो? एक श्वास. चावतोच असं नाही. कातण्याची नक्षी त्याला दिसत नाही, नाचणी की ओट्स हे तो विचारत नाही, आणि नुसतं केळं दिलं असतं तरी शेपटीचा वेग तोच राहिला असता. तेव्हा हा खाऊ कोणासाठी चालतो, याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाढायला कोणीतरी हवं होतं. ते मिळालं. मला त्यात काही वाईट वाटत नाही.

फक्त आमच्या डॉक्टरांना वाटतं. वर्षाच्या लशीला गेलो तेव्हा त्यांनी बाब्याला काट्यावर उभं केलं, मग बरगड्या चाचपल्या, मग पुन्हा चाचपल्या, कारण पहिल्यांदा सापडल्या नाहीत. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं ते म्हणाले. तीस किलोच्या, आळशीपणाकडे झुकलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० किलोकॅलरी लागतात असं धरलं, तर खाऊच्या वाट्याला १२० येतात. एका मध्यम केळ्यात शंभराच्या वर असतात. म्हणजे एक केळं संपलं की दिवसाचे लाड संपले. ‘पण तो मागतो हो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आजी, तो मागत नाही, तो बघतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘मागतो असं तुम्ही ठरवता.’

संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट सासूबाईंनी तिथल्या तिथे डॉक्टरांना ऐकवली. डॉक्टरांनी हात जोडले आणि वाटी लहान घ्या म्हणाले. कारण तुपाचं, तेलाचं जास्त झालं की कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं वाईट असतं.

घरी आल्यावर शंकरपाळ्यांचा आकार निम्मा झाला. संख्या सासूबाईंनी कमी केली नाही, त्यामुळे त्यांच्या हाताला आग्रह केल्याचं समाधान आहे आणि काट्यावर थोडा फरकही. उष्मांक मोजणारी आग्रहाची पद्धत पंगतीच्या इतिहासात पहिलीच असेल. आजकालच्या माणसांच्या पाहुणचारालाही ती लागू करून बघावी, असं माझं मत झालं आहे.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर खुशाल करा हे सगळं. कुठल्याही खास सामानाची गरज नाही. कुत्र्याला आधीच काही दुखणं असेल तर फळं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि द्राक्षं, मनुका किंवा बेदाणे त्याने खाल्ल्याचं कळलं, तर उलटी होते का, सुस्त होतो का, याची वाट बघत बसू नका, घरचे उपायही करू नका. लगेच डॉक्टरांना फोन करून निघा, आणि साधारण किती खाल्ले हे सांगता यावं म्हणून उरलेलं पाकीट बरोबर न्या.