साडेसात पौंडांचे आबाजी

सांबराच्या शिंगांखाली आरामखुर्ची टाकून बसलेल्या या आबाजींची ओळख करून द्यायची गरज नाही. नागपूरच्या महालात ते वाड्यात सापडतात, सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यात आणि हल्ली मनीषनगरच्या फ्लॅटमध्येही. तिथे शिंगे भिंतीत मावत नाहीत, एवढाच फरक. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली. १९७० मध्ये वाघ मारायला बंदी आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीच्या शिकारीचा गळा आवळला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली धुगधुगीही संपवली. शिंगांच्या शेजारी मालकीचे सरकारी प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असते, आबाजींच्या लग्नाच्या फोटोपेक्षा थोडे वर. या गृहस्थांनी शेवटचा बार काढला तेव्हा ते विशीत होते, आज ऐंशीला टेकले आहेत. आणि गेली काही वर्षे त्यांना एकच चिंता खाते आहे: आता वय झाले, जरा हलकी रायफल पाहायला हवी.

चिंता ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत वैताग येतो, कारण आबाजींना किलो समजत नाही. त्यांच्याकडे मापे दोनच: साडेसात पौंडांची पॉइंट २७५ रिग्बी रायफल आणि अकरा पौंडांची दुनळी रायफल. जगातली यच्चयावत वस्तू या दोन मापांत बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाच किलो संत्र्यांची पिशवी घरात आली की ती दुनळी असते. मुलगा विमानाने निघाला आणि हातातल्या बॅगेला सात किलोंचीच मुभा आहे म्हणाला, की आबाजींचा निकाल तयार: 'म्हणजे दोन रिग्बी. पुरे झालं ना बाप्पा, लढाईवर चालला का?' गॅसचा भरलेला सिलिंडर सहा दुनळ्यांचा. नातवाचे दप्तर ते रोज सकाळी एका हाताने तोलून पाहतात आणि शाळेवर ताशेरे ओढतात, कारण चौथीतल्या पोराने दुनळी पाठीवर घेऊन जावे हे त्यांना पटत नाही. (इथे त्यांच्याशी वाद घालणे कठीण आहे.) सुनेचे बाळंतपण झाले, नर्स बाहेर येऊन तीन किलो चारशे म्हणाली, सगळे घर मुलगा की मुलगी विचारत होते आणि आबाजी मागून गरजले, 'रिग्बी झाली, रिग्बी!'

वैताग बाजूला ठेवून त्यांचा हिशेब तपासला, तर मात्र पंचाईत होते, कारण तो बरोबर निघतो. या खटल्यातला त्यांचा मुख्य साक्षीदार जिम कॉर्बेट. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली, तीच ही पॉइंट २७५ रिग्बी. त्याच्याकडे जड दुनळीही होती, पण डोंगर चढून दिवसचे दिवस माग काढायचा तर खांद्यावर ही हलकी रायफल. एप्रिल १९३० मध्ये चौगडची वाघीण समोर आली तेव्हा कॉर्बेट चोपन्न वर्षांचा होता. डाव्या हातात रातव्याची अंडी, उजव्यात रिग्बी. ती त्याने एका हाताने हळूहळू वळवत आणली आणि एका हातानेच बार काढला. अकरा पौंडांच्या दुनळीने हे करता आले असते, असे कोणी सांगितले तर त्याने दुनळी कधी धरलेली नाही असे समजावे. आबाजी हा पुरावा प्रात्यक्षिकासह देतात. अंड्यांच्या जागी चहाची कपबशी, रायफलीच्या जागी काठी, आणि वाघिणीच्या जागी जो कोणी पाहुणा बसला असेल तो. काठी फिरत फिरत पाहुण्याच्या छातीवर येते तोवर चहा बशीतून सतरंजीवर आलेला असतो. दुसरा साक्षीदार आफ्रिकेतला शिकारी बेल. त्याने आयुष्यात हजारावर हत्ती मारले, त्यांतले पुष्कळसे याच लहान काडतुसाने. ते ऐकून हत्तींबद्दल वाईट वाटते, पण मुद्दा सिद्ध होतो: काम होते ते गोळी कुठे बसते त्यामुळे, रायफल किती जड आहे त्यामुळे नव्हे.

जाणकार इथे हरकत घेतात, आणि ती पोकळ नाही. काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली तर खांद्याला बसणारा धक्का वाढतो. गणित साधे आहे: वजन चौथाईने घटवले तर धक्क्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने वाढते. म्हणजे म्हाताऱ्या दंडाला आराम द्यायला जावे आणि म्हाताऱ्या खांद्याचे हाड दुखवून घ्यावे. शिवाय जड नळी हवेत कमी डुलते, नेम स्थिर राहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. पहिल्याचे उत्तर असे की वजनाबरोबर काडतूसही लहान करायचे; नुसती रायफल हलकी करणे हा अर्धवट शहाणपणा झाला. दुसऱ्याचे उत्तर घड्याळात आहे. जड रायफलीचा स्थिरपणा हात ताजा असेतो टिकतो. नंतर दंड थरथरू लागतो आणि अकरा पौंड नेमाच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बाजूने काम करतात. तिसरी अडचण डोळ्यांची, आणि ती जास्त खरी. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचे सावज या तीन अंतरांवर चाळिशी उलटलेला डोळा एकदम ठरत नाही. दुर्बीण लावली की सगळे एकाच पातळीत दिसते, पण तिचे नि तिच्या कड्यांचे मिळून पौंडभर वजन वाढते. हलकेपणासाठी केलेली काटकसर डोळ्यांवर खर्च होते. हा मुद्दा काढला की आबाजी चिडतात. साडेआठ पौंड हे त्यांच्या कोष्टकात बसत नाही.

आता खरी हरकत. शिकारच बंद आहे, तर रायफल हलकी काय आणि भारी काय? घरातल्या सुना हा प्रश्न रोज विचारतात आणि तो चुकीच्या जागी विचारतात. रायफल झाडली जात नाही म्हणून ती उचलली जात नाही असे थोडेच आहे! ती कपाटातून निघते, तेल घेते, परत जाते. परवान्याच्या नूतनीकरणाला निघते. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना ती ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ मध्ये एप्रिलात लोकसभा झाली आणि नोव्हेंबरात विधानसभा. म्हणजे एका वर्षात दोनदा जमा, दोनदा परत. ज्या खांद्यावरून रायफल एके काळी नवेगावच्या रानात फिरली, त्याच खांद्यावर ती आता गवसणीत गुंडाळून ऑटोत बसते, ठाण्याच्या पायऱ्या चढते आणि बाकड्यावर आपला नंबर येण्याची वाट पाहते. आजच्या हिंदुस्थानी शिकारी रायफलीचा प्रवास हा एवढाच, घर ते ठाणे. त्या प्रवासाला साडेसात पौंड पुरेसे आहेत हे कोणताही विवेकी माणूस मान्य करील. क्वचित आशाही पालवते. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीला मारण्याचे प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेले, तेव्हा शहरातले तमाम आबाजी वनखात्याचा फोन येईल म्हणून दुपारची झोप मोडून बसत. फोन आला नाही. वनखाते आधी बेशुद्धीच्या इंजेक्शनाची बंदूक हातात घेते, आणि तिचे वजन विचारण्याइतके आबाजी अजून खचलेले नाहीत.

हलक्या रायफलीच्या या वादात कायद्यानेही अनपेक्षितपणे आबाजींची बाजू घेतली. शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, एका परवानाधारकाने तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवायची असे ठरले आणि वडिलोपार्जित हत्यारांनाही त्यातून सूट मिळाली नाही. तिसरे वर्षभरात जमा करायचे होते. तीन बंदुकांच्या घरांत तेव्हा जी खलबते झाली ती वाटणीच्या दाव्यालाही लाजवतील. बारा बोअरची आजीच्या माहेरून आलेली, पॉइंट ३१५ इशापूरच्या सरकारी कारखान्याची, आणि दुनळी रायफल थेट मालगुजार पणजोबांची. भावनेने पाहिले तर दुनळी ठेवायला हवी होती. आबाजींनी तीच दिली. इथे हा माणूस पहिल्यांदा आदराला पात्र वाटू लागतो. कारण त्या दुनळीबद्दल एक गोष्ट ते सहसा बोलत नाहीत: पणजोबांनी ती उचललीच नव्हती. मध्य प्रांतातल्या साहेबांची आणि मालगुजारांची जड हत्यारे मागून चालणाऱ्या गोंड गड्याच्या खांद्यावर असत. हाका उठला की ती मचाणावर साहेबांच्या हाती दिली जात, बार झाला की परत खाली. अकरा पौंडांची रायफल ही ताकदीची खूण नव्हती, गडी असल्याची खूण होती. ती जड झाली ती आबाजींच्या वयाने नव्हे. मालगुजारी गेली, गडी आपल्या शेतावर गेला आणि दुनळी पहिल्यांदाच मालकाच्या खांद्यावर आली, तेव्हा ती जड झाली. वय हे आबाजींनी पुढे केलेले सभ्य कारण आहे. परवान्याच्या अर्जात 'कारण' या रकान्यात ते 'पीकसंरक्षण' लिहितात तसेच. अंगणातल्या दोन संत्र्यांच्या झाडांना हे संरक्षण लाभलेले आहे.

त्यांच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे, आणि तो त्यांनी स्वतः कधी मांडलेला नाही. शिकाऱ्याच्या गोष्टीत वाघ वाढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मेलेल्या वाघाचे माप दोन तऱ्हांनी घेत: नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ, किंवा पाठीच्या चढउतारांवरून टेप फिरवून. दुसऱ्या तऱ्हेत वाघ काही इंच फुकट मिळतो. मध्य प्रांताच्या जंगलखात्यातला डनबर ब्रँडर खुंट्यांचा माणूस. १९२३ च्या आपल्या पुस्तकात त्याने नर वाघांची सरासरी लांबी सव्वानऊ फूट आणि वजन ४२० पौंड दिले आहे. (छप्पन्न रिग्बी. हा हिशेब आबाजींचा.) आबाजींच्या वडिलांचा वाघ साठच्या दशकात साडेनऊ फुटांचा होता, सत्तरच्या दशकात दहाचा झाला आणि आता तो साडेदहा फूट होऊन भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे निघाला आहे. पण याच साठ वर्षांत रिग्बीचे वजन एका औंसानेही वाढलेले नाही. वाघाबद्दल, अंधाराबद्दल, अंतराबद्दल आणि स्वतःच्या धैर्याबद्दल सढळ हाताने थापा मारणारा हा माणूस रायफलीच्या वजनाबद्दल कधीही खोटे बोलत नाही. ज्याने एखादी वस्तू स्वतः वाहिली आहे त्याला तिचे वजन फुगवून सांगावेसे वाटत नाही. एवढ्या एका खरेपणासाठी सांडलेला चहा माफ करावा लागतो.

आबाजींबरोबर ही जातही संपेल असे ज्यांना वाटते, त्यांनी एखाद्या पहाटे ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर उभे राहावे. जिप्सींच्या रांगेत पन्नाशीचे डॉक्टर, बिल्डर, निवृत्त इंजिनिअर मळक्या हिरव्या रंगाच्या कपड्यांत बसलेले असतात, आणि वाघ दिसण्याआधी आणि दिसल्यानंतर त्यांच्यात एकच चर्चा चालते: खांदा आता साथ देत नाही, लेन्स हलकी घ्यायला हवी. कॅननची सहाशे मिलिमीटरची मोठी लेन्स १९९९ मध्ये ५.३६ किलोंची होती, २०११ ची ३.९२ ची आणि २०१८ मध्ये ती ३.०५ वर आली. वीस वर्षांत दुनळीपेक्षा जड होती ती रिग्बीपेक्षा हलकी झाली, आणि किंमत उलट्या दिशेने गेली. हे लोक ग्रॅमची भाषा बोलतात, वाघाची लांबी मात्र टेप फिरवूनच सांगतात. हरकतीही जुन्याच: हलकी लेन्स हलते, फोटो हलतो. उत्तरेही तीच. अशा घरांत आबाजी नातवाची नवी लेन्स दोन्ही हातांत घेतात, डोळे मिटतात, पावणेसात म्हणतात, आणि ते बरोबर असते. मग त्यांचा एकच प्रश्न असतो: जिप्सीत ही उचलते कोण? नातू सांगतो, 'एवढी वेळ येत नाही, आबाजी. गाइड धरून राहतो, गावातलाच पोरगा असतो, वाघ आला की देतो हातात.'

'असं का?' आबाजी लेन्स परत करतात. 'मंग जडच घ्यायची होती ना बे.'