अळीचा शनिवार

दोन वर्षांचं मूल पुस्तक वाचायला येतं ते पाठमोरं येतं. आधी पुस्तक तुमच्या अंगावर टाकतं, मग वळतं आणि नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर एसटी जशी मागं मागं येत फलाटाला लागते, तसं अदमासानं मागं सरकत तुमच्या मांडीत लागतं. तुम्ही पेपर वाचताय की फोनवर कुणाला तरी उसन्या पैशांची आठवण करून देताय, याची चौकशी होत नाही. बूड टेकलं की हुकूम सुटतो: "वाच!"

आमच्या सावेडीच्या घरात वाचता न येणारी ही नात एकटीच. तरी पुस्तकाच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. पान कधी उलटायचं, कुठल्या पानावर मुक्काम ठोकायचा, कुठलं पान तोंड न दाखवता पुढं ढकलायचं, सगळं ती ठरवते. 'वाच' याचा अर्थ 'अक्षरं वाच' असा होत नाही, हेही आजोबांना लवकरच समजतं. मी खालची ओळ वाचायला लागलो की ती आपला पंजा नेमका त्या ओळीवर ठेवते. गप्प बसा आणि वर बघा.

वर काय असतं? राजा असतो, सिंहासन असतं, दरबार भरलेला असतो. बाईसाहेबांचं बोट मात्र खाली कोपऱ्यात पडलेल्या एका चपलेवर असतं. "कोनाची?" गोष्टीत त्या चपलेचा उल्लेख नाही. चित्रकारानं बहुधा कोपरा मोकळा दिसतोय म्हणून ती काढली असेल. पण विचारलंय म्हटल्यावर उत्तर देणं भाग असतं. मी म्हणालो, "प्रधानाची." झालं, ती प्रधानाची झाली ती कायमची. दुसऱ्या दिवशी नातीच्या बाबांनी ती राजाची आहे असं सांगून पाहिलं, तर त्यांना मांडीसकट नाकारण्यात आलं.

आपल्याला अक्षर ओळखता यायला लागलं की चित्र दिसेनासं होतं, असं माझं मत होत चाललं आहे. आपण मथळा वाचतो आणि फोटोकडं एक नजर टाकून पुढं जातो. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' नावाचं पुस्तक आहे, ते हातात घेतल्यावर हे फार जाणवतं. त्या मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या. लिहायचं आणि चित्रंही आपणच काढायची, ही त्यांची रीत. त्यांच्या 'राधाचं घर'मधली घरं आपल्या घरांसारखी दिसतात. साहित्य अकादमीनं २०१४ साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला तो योग्यच झाला. पण आमच्या नातीला विचारलं असतं तर तिनं तो त्याच्या किती तरी आधी दिला असता. एरवी दुकानात ढिगानं जी पुस्तकं मिळतात, त्यांत निळ्या डोळ्यांचं, गुलाबी गालांचं एकच बाळ सगळ्या पानांवर वेगवेगळे कपडे घालून हिंडत असतं. कोपऱ्यात चप्पल नाही, मुंगी नाही, काही नाही. अशा पुस्तकाशी तिचं दोन मिनिटांत संपतं. मग ती ते चावून बघते. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं कुणी तरी अनुभवी माणसानंच शोधून काढली असणार.

आमच्या लहानपणी चित्रांचं पुस्तक म्हणजे अंकलिपी. तिच्यातलं ईडलिंबू मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. श्रीगोंद्याकडं लिंबाच्या एवढ्या बागा, पण ईचं लिंबू त्यांत कुठलं ते कुणी दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही. चित्राला प्रश्न विचारायचे असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं.

प्राण्यांच्या पुस्तकात आवाज काढावे लागतात. कोमेनियस नावाच्या एका शिक्षकानं १६५८ साली न्यूरेम्बर्गला मुलांसाठी सचित्र पुस्तक छापलं, ते या जातीचं युरोपातलं अगदी सुरुवातीचं पुस्तक मानतात. त्याच्या पहिल्याच धड्यात कावळा, मेंढरू, उंदीर, मांजर यांचे आवाज आहेत आणि त्या आवाजांवरून अक्षरं शिकवली आहेत. त्यातली मांजर 'नाव् नाव्' करते. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही कुणा तरी आजोबाला जेवणाच्या ताटावरून उठून मांजर व्हावं लागत होतं. मला हे वाचून फार बरं वाटलं.

अडचण आली ती मेंढीपाशी. पुस्तकातली मेंढी पांढरीशुभ्र, कापसाची गादी फुटल्यासारखी. आमची मेंढी, म्हणजे धनगरांचे कळप रस्त्यानं जातात त्यातली दख्खनी मेंढी, बहुतेक काळी. नातीनं पारनेरच्या रस्त्याला गाडी थांबवून ती पाहिलेली आहे, गाडीच थांबवली होती त्या मेंढ्यांनी. तेव्हा पुस्तकातल्या प्राण्याला तिनं मेंढी म्हणायचं साफ नाकारलं. बराच वेळ निरखून "शेली" असा निकाल दिला. संगमनेरी शेळी पुष्कळदा पांढरी असते, त्यामुळं निकाल तसा पुराव्याला धरून होता.

बिबट्याच्या पानावर मात्र घरात दोन तट पडतात. नात त्या पानाला "माऊ" म्हणते आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवते. माझी सून राहुरीकडची. तिच्या माहेरी उसाला रात्रीची वीज आली की पाणी द्यायला माणसं बॅटरी आणि काठी घेऊन, मोठमोठ्यानं बोलत जातात. ती ते पान भरकन उलटते. आपल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून बिबटे मोजले होते. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १०० चौरस किलोमीटरला ५च्या आसपास बिबटे निघाले, तेही जंगलात नव्हे, शेताशिवारात आणि गावांच्या कडेला. मला ते सगळे फोटो पुस्तकासारखे एकत्र शिवून पाहायला आवडतील. नातीलाही आवडतील. सुनेला विचारायची माझी हिंमत नाही.

आणि मग ती अळी. एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं इंग्रजी पुस्तक, भुकेल्या सुरवंटाचं, जगभर गेलेलं. पानांना खरोखरची भोकं आहेत. ती पाडायचं काम अमेरिकेत परवडेना म्हणून पहिल्यांदा हे पुस्तक जपानात छापलं होतं. सोमवारी अळी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असं करत शनिवारी ती सुटते आणि केक, चीज, सलामी, सॉसेज असं दिसेल ते खाते. आमच्या घरी हे पुस्तक वाचायचा मान आजीचा. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळं तिचं काही अडत नाही. पण शनिवार म्हटल्यावर ती थबकली. शनिशिंगणापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं शनिवारी सलामी? शिवाय तिचा स्वतःचा शनिवार असतो. तिनं चित्राकडं नीट पाहिलं आणि अळीला उपास धरायला लावला. सॉसेजचं रताळं झालं, केकची राजगिऱ्याची वडी. भोकाभोकांचं स्विस चीज होतं त्याचं साबुदाण्याचं थालीपीठ झालं, आणि खरं सांगतो, आता मलाही ते थालीपीठच दिसतं. सुनेनं एकदा पुस्तकात छापलंय तसं "चीज" म्हणून वाचलं, तर नातीनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू हिला वाचताच येत नाही. "थालीपी!"

दिवाळीत शेवगावहून माझे मेहुणे आले. कपाशीवाले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातली कपाशी खाल्ली, त्यात त्यांचंही शेत होतं. नंतरच्या वर्षी मक्यावर लष्करी अळी आली. त्यांना चहा मिळायच्या आत नात पुस्तक घेऊन पाठमोरी त्यांच्या मांडीत लागली. पहिलं पान: चांदणं, पान, पानावर एक इवलं अंडं. मेहुण्यांनी चष्मा वर सरकवला.

"दाजी, हे अंडं इथं दिसतंय, आणि यांनी काहीच केलं नाही?"

"काय करणार? गोष्ट आहे."

"पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. या स्टेजला मारला असता तर पुढचं काही झालंच नसतं."

खरं आहे. पुढचं पुस्तकच झालं नसतं.

नातीनं त्यांचं बोट धरून सफरचंदाच्या भोकात घातलं. त्यांनी पानामागून काढलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. चार स्ट्रॉबेऱ्यांपाशी ते हळहळले, महाबळेश्वरचा माल आहे म्हणाले. संत्र्यांपाशी भाव काढला. शनिवारी त्यांनी अक्काकडं, म्हणजे आमच्या हिच्याकडं पाहिलं, तिनं रताळं आणि थालीपीठ सांगितलं, तसं त्यांनी ते बिनतक्रार वाचलं. कोषापर्यंत येईतो त्यांचा आवाज जरा उतरला होता. मग फुलपाखरू निघालं, दोन पानं भरून, सगळ्या रंगांचं. नात टाळ्या वाजवत होती. मेहुणे बराच वेळ त्या पंखांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आता हे किती अंडी घालेल, याचा हिशेब कुणी केलाय का?"

"पुना," नात म्हणाली, आणि पुस्तक उलटं करून पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं.

जाताना पिशवी उचलता उचलता त्यांनी विचारलं, "दाजी, असली पुस्तकं नगरात कुठं मिळतात हो? धाकट्याच्या पोराला न्यावं म्हणतो एखादं." मी कागदावर दुकानाचं नाव लिहायला घेतलं, तोवर ते दारातून परत फिरले.

"पण अळीचं नको."