डबवाली

तुमच्याही वाडीत, चाळीत किंवा टॉवरात हा माणूस असणारच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. आमच्या लालबागेत त्याला अण्णा म्हणतात. अण्णांचा चेहरा ओळखणारे कमी, तळपाय ओळखणारे जास्त. कारण उरलेले अण्णा कायम कुठल्यातरी गाडीखाली असतात. गाडी बहुतेक वेळा त्यांची स्वतःची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप. पण दुसऱ्याच्या गाडीखाली शिरायलाही त्यांना परवानगी लागत नाही. शेजारच्या पोराने हप्त्यावर एसयूव्ही आणली. नारळ फुटला, पेढे वाटले, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पोरगा गाडी सुरू करणार तोच त्याची आई किंचाळली. बंपरखालून दोन पाय बाहेर आले होते. खालून आवाज आला, "अरे, ही फोर बाय फोर नाहीच! पुढचीच दोन चाकं ओढतात. पैसे परत घे!"

अण्णांच्या लेखी जगात जाती दोनच. ओरिजिनल आणि डबवाली.

पंजाब-हरयाणाच्या सीमेवर मंडी डबवाली नावाचं गाव आहे. जुनी चासी, नवा पत्रा आणि मिळेल ते इंजिन जुळवून तिथले कारागीर हवी तशी जीप बांधून देतात. वर लष्करी हिरवा रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा मारला, की घेणारा मित्रांना सांगायला मोकळा, 'नॉर्मंडीला उतरलेली आहे.' कारागीर बिचारे चोख काम करतात, थापा मालक मारतो. पण अण्णांच्या तोंडी त्या गावाचं नाव म्हणजे शिवी. पाकिटातला मसाला डबवाली. मॉलमधला वडापाव डबवाली. लग्नात सनई मोबाइलवर वाजली की डबवाली. एका आमदाराने पक्ष बदलला, तेव्हा चाळीच्या जिन्यात दोन तास वाद रंगला होता. अण्णांनी गाडीखालूनच तो मिटवला : "बॉडी तीच, इंजिन दुसरं. साधी डबवाली केस आहे."

एका मुलीच्या वडिलांनी तर स्थळ बघायला यांना सोबत नेण्याची चूक केली. परतताना त्यांनी भीतभीत विचारलं, "मुलगा कसा वाटला?" अण्णा म्हणाले, "चासी बरी आहे. टप डबवाली." मुलाने केसांचा टोप लावलेला आहे, हे मुलीच्या वडिलांना तेव्हा कळलं.

ओरिजिनलचा पुरावा म्हणजे 'एफ'. युद्धाच्या घाईत अमेरिकन सरकारने विलीसच्या आराखड्यावर फोर्डलाही जीपा करायला लावल्या, आणि फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, थेट बोल्टाच्या माथ्यावरसुद्धा, इंग्रजी 'एफ' उठवला. अण्णांच्या खिशात त्यासाठी सराफाचं भिंग असतं. चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गंजक्या लोखंडाच्या ढिगासमोर ते उकिडवे बसतात. बोल्ट घासलेटात बुडवायचा, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. असा एक एफवाला बोल्ट सापडला, तो खंडेनवमीला देव्हाऱ्यात बसला. काकू म्हणाल्या, "माझी नथ तीन वर्षं सापडत नाहीये, तिच्यावर एफ काढून घ्यायला हवा होता."

एका आगाऊ कॉलेजकुमाराने शंका काढली, "पण अण्णा, जीप विलीसची आणि बोल्ट फोर्डचा. मग ही डबवालीच ना?" अण्णा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मामेभाऊ आहे तो. घरातलाच."

जीप लालबागचीच, हा त्यांचा दुसरा हट्ट. महिंद्रांनी १९४९ मध्ये विलीसचे सुटे भाग जोडून पहिली जीप उभी केली ती माझगावात. माझगाव म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून जीपही आपली. कंपनीचा इतिहास सांगतानाही त्यांचा सूर तोच. १९४५ साली नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीची महिंद्रा अँड महिंद्रा झाली. "अर्धं इंजिन गेलं," अण्णा सांगतात, "पण एम अँड एम कायम. चासी नंबर महत्त्वाचा रे!"

चासी नंबरावर एवढा जोर का, ते बॉनेट उघडल्यावर कळतं. म्हणून ते कुणासमोर उघडत नाहीत. अण्णांच्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं. आत आहे महिंद्राचं प्यूजो डिझेल. गिअरबॉक्स नंतरचा, पत्रा निम्मा बदललेला, वायरिंग लोहार चाळीतल्या वायरमनचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम काढला, तेव्हा अण्णांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग त्यांनी नियम वाचला. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अण्णांनी कागदाची घडी घातली. "वीस हजार भरायचे आणि वर रोज चालवायची नाही? सरकारच डबवाली आहे," म्हणाले, आणि विषय संपला.

ते डबवाली इंजिन पावसाळ्यात उपयोगी पडतं, हे मात्र कबूल करायला हवं. हिंदमाताला पाणी तुंबलं, की तीस-चाळीस लाखांच्या एसयूव्ही पुलाच्या चढावर धोक्याचे दिवे लावून रांगेत उभ्या राहतात. जाहिरातीत त्या नद्या ओलांडतात, इथे मालकाला गालिच्याची काळजी असते. मूळचं पेट्रोल इंजिन डिस्ट्रिब्युटर भिजताच मधोमध बंद पडलं असतं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. गुडघाभर पाण्यातून धुराचा लोट सोडत अण्णा येतात, आणि केईएमच्या परिचारिका, टाटा रुग्णालयात आलेले परगावचे नातेवाईक, कुणी भिजलेला डबेवाला, अशा सगळ्यांना मागच्या बाकावर कोंबून दादरला सोडतात. भाडं घेत नाहीत. वाटेत विलीसचा इतिहास ऐकावा लागतो, म्हणजे फुकटही म्हणता येणार नाही.

मग चाळ पडली, टॉवर झाला. सेक्रेटरींनी 'भंगार हलवा' अशी नोटीस चिकटवली. नव्या इमारतीत एकावर एक गाड्या ठेवायची यांत्रिक पार्किंग आली, आणि पहिल्याच दिवशी कळलं, की त्या लोखंडी पॅलेटवर पाच फुटांहून उंच गाडी मावत नाही. फॉर्च्युनर सहा फूट. थारही सहा फूट. सेक्रेटरींची त्याहून उंच. शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून विलीसची काच मात्र पुढे बॉनेटवर आडवी पडते. टप काढला की जीप उरते सव्वाचार फूट. अण्णांनी टप काढला, काच पाडली, आणि ऐंशी वर्षांची जीप बटण दाबताच वर गेली. कोटभर रुपयांच्या गाड्या रस्त्यावर, कावळ्यांच्या ताब्यात. सेक्रेटरींनी स्वतःची नोटीस स्वतः फाडली.

हा माणूस असा का, याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही, काकूंनी दिलं. अण्णा गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपात साचे थांबले ते थांबलेच. अण्णा ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर लागले. पुढे गिरणीतलं लोखंड किलोच्या भावाने निघालं, तेव्हा आपला एखादा साचा तरी दिसतो का, म्हणून ते भंगारवाल्याकडे गेले. साचे वितळायला गेले होते. कोपऱ्यात लष्कराच्या लिलावातली ही जीप पडली होती, तीही कापायचीच होती. प्रॉव्हिडंट फंडातले उरलेले पैसे तिथे मोजले गेले. काकू चार महिने बोलल्या नाहीत.

आता अण्णांचे दोन्ही गुडघे स्टीलचे आहेत, दात बसवलेले आहेत, हृदयात स्टेंट आहे. गाडीखाली शिरायला डॉक्टरांची मनाई. ते शिरतात, बाहेर ओढायला मी असतो. परवा ओढताना मी म्हटलं, "अण्णा, आपल्या टॉवरचं काय? चाळीच्या नावापुढे 'हाइट्स' लावलंय. ओरिजिनल की डबवाली?"

त्यांनी शांतपणे भिंग पुसलं. "प्लॉटचा सी.एस. नंबर तोच आहे ना? मग ओरिजिनल."

"आणि माणसं? निम्मी घरं विकून बदलापूर-विरारला गेली. त्यांच्या जागी कोण आलंय, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

"सुटे भाग रे," अण्णा म्हणाले. "बदलीचे मिळतात. फक्त पूर्वीसारखे बसत नाहीत."